काढ्यात काय होतं

१

ताई पाण्यात पडली असती तर वाचली असती, असं तलावावरच्या बायका पुढे बरेच दिवस म्हणत राहिल्या. पाण्यात तिचं कोण काय वाकडं करणार होतं? पण ती पडली काठावर, ओल्या फरशीवर. समोर उथळ पाण्यात कडेला घोरपडीसारखी चिकटलेली एक घाबरट बाई होती. तिला "सोड! सोड म्हणते ना कडा!" असं ओरडता ओरडता ताईची जीभच अडखळली. "सो... सो..." एवढंच कसंबसं म्हणाली आणि उजव्या अंगावर कोसळली.

ताई मोठ्या बायकांना पोहायला शिकवायची. पन्नाशीच्या, साठीच्या, जन्मभर पाण्याला भिऊन काढलेल्या बायकांना. खांदे पैलवानासारखे, आवाज असा की तलावाच्या पलीकडच्या टोकाला पोहणारीनेही दचकून पाय हलवावेत. तो आवाज गेला. उजवा हात आणि उजवा पाय गेला. मेंदूत रक्तस्राव झाला होता.

धाकटी बहीण इस्पितळात पोचली तेव्हा भावोजी व्हरांड्यातल्या बाकावर डोकं धरून बसले होते. ते मित्रांबरोबर दूरच्या सरोवरावर मासे पकडायला गेले होते. फोन गेल्यावर तसेच, चिखलाच्या बुटांनी धावत आले होते. त्यांच्यासमोर ताईचा मुलगा पिंजऱ्यातल्या वाघासारखा येरझाऱ्या घालत होता.

"मावशी, त्या चिनी वैद्याला मी सोडणार नाही. विष पाजलंय त्यानं आईला!"

धाकटीने त्याला धरून बाकावर बसवलं. पन्नाशी उलटली तरी तिला सगळे धाकटीच म्हणत. विमा कंपनीत तिचं काम एकच होतं: जळून खाक झालेल्या दुकानांत जायचं आणि आग लागली की लावली ते शोधायचं. काय पेटलं, हे सगळेच विचारत. ही विचारायची, त्या दिवशी नेहमीपेक्षा वेगळं काय होतं?

वॉर्डाच्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या, डोळे जागरणाने सुजलेले. "यांनी बीपीची कुठली गोळी एकदम बंद केली का?"

"गोळी? छे हो," भावोजी लगेच म्हणाले. "गोळ्यांना हात लावत नव्हती ती. वर्ष होत आलं. तो झाडपाल्याचा काढा, तेवढंच."

"नक्की?"

"अहो, बायको आहे माझी."

डॉक्टरीणबाई धाकटीकडे बघून म्हणाल्या, "आम्ही दाब उतरवायला जातो आणि तो पुन्हा उसळी मारतो. नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. असं मी पूर्वी पाहिलंय. पण ते औषध घेतल्याने झालं नव्हतं, सोडल्याने झालं होतं."

२

वैद्याचं दुकान शिंप्याच्या आणि किल्ल्या बनवणाऱ्याच्या मधोमध होतं. 'चिनी वैद्य' म्हणून गल्ली त्याला ओळखायची. आजोबा तिकडून आले होते, हा मात्र याच गल्लीत जन्मला, इथेच गोट्या खेळला, इथेच म्हातारा झाला. आता त्याच्या शटरला दोन ठिकाणी पोचे होते आणि वर लाल रंगात 'विषवाला' लिहिलं होतं. अक्षर भाच्याचं होतं. धाकटीने ते लगेच ओळखलं. लहानपणी तिनेच गिरवून घेतलं होतं.

पोलिसांनी पुड्या तपासणीला नेल्या होत्या. दुकानात छोट्या छोट्या खणांची भिंत उघडी पडली होती, आणि त्या भिंतीसमोर म्हातारा स्टुलावर ताठ बसला होता.

"तुम्ही त्यांच्या बहीण. जिवणी तीच आहे," तो म्हणाला. "दगड आणलाय का, की नुसतंच बोलायचंय?"

"बोलायचंय."

"मग बसा."

त्याने न विचारताच तिच्यासमोर एकेक जिन्नस मांडला. वाळलेली शेवंतीची फुलं. वेलीच्या काड्या, प्रत्येकीला मांजराच्या नखासारखा आकडा. एका झाडाची जाड साल. ती त्याने मट्कन मोडली तर दोन तुकड्यांमध्ये रेशमासारखे चंदेरी धागे ताणले गेले.

"यात ज्येष्ठमध आहे?" धाकटीने विचारलं. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो, एवढं तिने येता येता फोनवर वाचून घेतलं होतं.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत ठिणगी पडली. "बीपीच्या बाईला मी ज्येष्ठमध देईन? बाई, माझ्या धंद्यात लबाड आहेत, नाही असं नाही. पण मी मूर्ख नाही." मग जरा आवाज उतरवून म्हणाला, "पाळी गेल्यावर बीपी चढलं म्हणून त्या घरच्या डॉक्टरकडे गेल्या होत्या. त्यानं दिलेल्या गोळीने पायाचे घोटे सुजले. सांगायला गेल्या तर म्हणाला, वय झालं, सूज यायचीच. रात्री अंगातून वाफा निघतात म्हणाल्या, तर म्हणाला, पंखा लावा. तेव्हा त्या भडकल्या आणि माझ्याकडे आल्या. मी त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे जा म्हणालो होतो. काढा जोडीला असू दे, म्हणालो. ऐकतील तर ना."

"आणि काढ्याने गुण आला?"

म्हातारा सालीचे धागे बोटाभोवती गुंडाळत राहिला.

"आधी काही नाही. हा काढा हळू चालतो, आणि फार लांब चालत नाही, हे मलाही ठाऊक आहे. मग एकाएकी बीपी धाडकन उतरलं. वाफाही बंद. त्या मला मिठाईचा डबा घेऊन आल्या. मी खूश झालो. स्तुती कोणाला नको असते? पण नाडी धरली तर... एवढी दांडगी बाई आणि नाडी गोगलगाईची. तोंडाला सारखी कोरड. दुपारी बसल्या बसल्या झोप. मी एक जिन्नस काढून पाहिला, दुसरा काढून पाहिला. कोरड हटेना."

"दुसऱ्या कुणाला असं होतं?"

"हाच काढा बऱ्याच बायका नेतात. एकीचंही तोंड कोरडं नाही."

धाकटी उठली तेव्हा फोन वाजला. पोलीस ठाण्यातल्या ओळखीच्या बाई होत्या. दुकानातल्या पुड्या, ताईच्या स्वयंपाकघरातली उरलेली पुडी, आणि पडली त्या दिवशी तिच्या फ्लास्कच्या तळाशी राहिलेला काढा, तिन्ही तपासून झाली होती. पानं, फुलं, साली. दुसरं काहीही नाही.

म्हातारा निर्दोष होता. पण मग वर्षभर ताईची नाडी मंद करत होतं ते काय?

३

तलावावर शिकवणी बंद होती, तरी बायका रोज येऊन काठावर पाय सोडून बसत. त्यातली ताईची सगळ्यात लाडकी म्हणजे बेडकी. बेकरी चालवायची, अंगाने गोल, आणि पोहताना पाय असे मारायची की ताईनेच तिचं हे बारसं केलं होतं.

"ताईंच्या तोंडात सारखं पेपरमिंट असायचं," बेडकी म्हणाली. "शिट्टी वाजवायची तर आधी ते गालात सरकवायच्या. आम्ही हसायचो. दुपारच्या तुकडीला तर कधीकधी खुर्चीत डुलकी लागायची. पण वाफा गेल्या म्हणून इतक्या खूश होत्या! मला म्हणाल्या, अगं, पुन्हा माणसात आले."

"आणि पडायच्या आधीचे दिवस?"

बेडकीच्या कपाळाला आठी पडली. "तेव्हा पेपरमिंट नव्हतं. हे आत्ता तुम्ही विचारलंत म्हणून आठवलं. नेहमीच्या सवयीने मी एक पुढे केलं, तर म्हणाल्या, नको गं, तोंड आज छान ओलं आहे. पण हात थरथरत होते. घामाने निथळत होत्या, पाण्यात न उतरता. डोकं ठणकतंय म्हणाल्या, छातीत धडधडतंय म्हणाल्या. मी म्हटलं, बीपी बघा. तर यंत्र कुठे होतं? माझ्याच घरी! मला बीपी निघालं म्हणून त्यांनीच दिलं होतं. 'मला आता कशाला लागतंय' म्हणून."

बेडकीने डोळे पुसले.

धाकटीने विचारलं, "काढा घेणं सोडलं होतं का तिनं?"

"छे! फ्लास्क होता की रोज. उलट म्हणाल्या, आता यजमान मासे मारायला गेलेत, मी स्वतः उकळते, चांगला दाट. त्यांना काय जमतंय!"

"थांब. यजमान उकळायचे?"

"रोज! तुम्हाला ठाऊक नाही? अहो, आम्हा सगळ्या बायकांना हेवा वाटायचा. वासाने डोकं उठतं म्हणून आधी कुरकुर करायचे, आणि मग एके दिवशी काय देव पावला, म्हणाले, तू दमतेस, उद्यापासून काढा मी करतो. सकाळी ताई उठायच्या आत काढा तयार. माझा नवरा मला कधी पाणी तरी..."

पुढचं धाकटीच्या कानात शिरलं नाही. भावोजी. ज्यांना जन्मात चहा करता आला नव्हता. ताई बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा शेजारणीकडून चहा मागून आणणारे भावोजी.

दुकान तेच होतं, पुड्या त्याच, पिणारी तीच. काढासुद्धा तोच, उलट जास्तच दाट. ताई पडली त्या दिवसांत वेगळं होतं ते एवढंच, की उकळणारा हात घरी नव्हता.

सगळे म्हणत होते, भावोजी बिचारे इथे नव्हतेच. धाकटीच्या अंगातून गळ्यापर्यंत वाफ उसळली. वयाची की संतापाची, तिला कळेना. तिने कळून घ्यायचा प्रयत्नही केला नाही.

४

घरच्या डॉक्टरांनी धाकटीला कधी पाहिलं नव्हतं, आणि ताई पडल्याचंही त्यांच्या कानावर गेलेलं दिसत नव्हतं. तिने दुसरंच आडनाव सांगितलं आणि समोरच्या खुर्चीत बसली. डॉक्टर फोनवर बोटं फिरवत होते. ती येऊन बसली तरी मान वर झाली नाही.

"बोला."

"बीपी आहे. रात्री अंगातून वाफा निघतात. झोप नाही."

"पाळी?"

"गेली."

"मग झालं तर. वय आहे. या वयात बायका जरा चिडचिड करतात." त्यांनी बीपीचं यंत्र जागचं हलवलंही नाही. लिहायला पेन मात्र उचललं.

"मला गोळ्या नकोत," धाकटी म्हणाली. "एका बाईंना चिनी काढ्याने गुण आलाय. तोच घेईन म्हणते."

आता डॉक्टरांची मान वर आली. ते हसले, अगदी मनापासून. "काढ्याने! अहो, माझी एक पेशंट वर्षभर हेच गावभर सांगत सुटली आहे. काढ्याने बीपी उतरलं, काढ्याने वाफा थांबल्या. काढ्याने हे झालं असतं तर आम्ही कुलूप लावून घरी बसलो असतो."

"मग कशाने झालं?"

"घरचा माणूस समजूतदार लागतो." त्यांनी डोळे मिचकावले. "बाई ऐकणारी नाही. पण काढा कडूच असतो, नाही का? त्यात एवढीशी गोळी कुटून टाकली तर कुणाच्या बापाला कळतंय? तिचं बीपी उतरलं, तिचा हट्टही राहिला. तुमच्या मिस्टरांना पाठवा माझ्याकडे."

"मला मिस्टर नाहीत."

"मग घरात कुणी जबाबदार माणूस?"

धाकटीने मांडीवरची मूठ घट्ट आवळली. आता तोंड उघडलं तर खुर्ची उचलली जाईल, हे तिला कळत होतं. तिने श्वास सोडला.

"मीच आहे. मी माझ्याच हाताने घेईन. कुठली ती गोळी? बीपीला आणि वाफांनाही चालते ती?"

डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव खरडून तिच्याकडे सरकवलं. क्लोनिडीन.

"ही एकदम बंद केली तर काय होतं, डॉक्टर?"

"छे, छे, तसं करायचं नाही. हळूहळू कमी करायची. नाहीतर बीपी उलटून दुप्पट वर जातं."

"हे तुम्ही तुमच्या पेशंटला सांगितलं होतं?"

"तिला कसं सांगणार? तिला गोळी माहीतच..." डॉक्टर थांबले. पहिल्यांदाच त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. जिवणीकडे पाहिलं.

"ती इस्पितळात आहे," धाकटी म्हणाली. "तोंडातून शब्द निघत नाही. तुमचा समजूतदार माणूस मासे मारायला गेला होता."

डॉक्टरांचा रंग उडाला. पण त्यांच्या तोंडून निघालं ते असं: "मी त्यांना बजावलं होतं! एक दिवसही चुकवायची नाही म्हणून बजावलं होतं!"

धाकटी चिठ्ठी घेऊन बाहेर पडली. दवाखान्याच्या पायरीवरच तिने वॉर्डात फोन लावला. पलीकडे डॉक्टरीणबाईंनी गोळीचं नाव लिहून घेतलं.

"म्हणजे मी पहिल्याच दिवशी विचारलं तेव्हा..."

"हो," धाकटी म्हणाली. "तेव्हा ती काढ्यात घालणारे भावोजी तुमच्या समोरच बसले होते."

५

नाव कळलं आणि उपचार बदलले. संध्याकाळपर्यंत ताईचा दाब हळूहळू ताब्यात येऊ लागला. ती बातमी भाचाच घरी घेऊन आला. भावोजी स्वयंपाकघरात टेबलाशी बसले होते. धाकटी ओट्याला टेकून उभी होती.

"बरं झालं, तू पण आलास," ती भाच्याला म्हणाली. "तुझ्या बाबांना एक विचारायचंय. भावोजी, काढ्यात गोळी कशाने कुटायचात?"

भावोजींनी आधी मुलाकडे पाहिलं, मग दाराकडे. मग त्यांचे खांदे पडले.

"चमच्याने," ते म्हणाले. "चमच्याच्या पाठीने."

"बाबा?" भाचा म्हणाला.

"तिच्या भल्यासाठीच केलं रे! ती मेली असती. ऐकत नव्हती. मी हात जोडले, भांडलो, काही उपयोग नाही. डॉक्टर म्हणाले, हा एकच मार्ग आहे. आणि गुण आला नाही का? वर्षभर किती आनंदात होती!"

"दिवसा झोपत होती," धाकटी म्हणाली. "तोंड सुकत होतं म्हणून पेपरमिंट चघळत होती. आणि आपल्याला कशाने बरं वाटतंय हे तिला कळू द्यावं, असं तुम्हाला वाटलं नाही. बरं, तेही सोडा. डॉक्टरांनी बजावलं होतं ना, एक दिवस चुकवू नका म्हणून?"

"मला वाटलं, तीन-चार दिवसांनी काय होतंय. मित्र किती दिवस म्हणत होते. तिला गोळ्या देऊन जायच्या तर सांगावं लागलं असतं..."

"आणि सांगितलं असतं तर ती ओरडली असती. ती ओरडेल म्हणून तुम्ही तिला तशीच टाकून गेलात."

"धाकटे, तोंड सांभाळून बोल."

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा कुणी तोंड सांभाळलं?" तिचा आवाज आता भांड्यांवर आदळत होता. "आत तिच्या डोक्यात रक्त फुटलेलं, दाब उतरत नाही, डॉक्टर बाहेर येऊन विचारते आहे, कुठली गोळी बंद झाली, आणि तुम्ही?"

"मी खोटं बोललो नाही. ती गोळ्यांना हात लावत नव्हती, हे खरंच आहे."



"खरंच आहे!" धाकटी म्हणाली. "वा! केवढा शब्दाचा पक्का माणूस! खरं बोललात, आणि तिचा दाब उसळ्या मारत राहू दिलात. हा पोरगा म्हाताऱ्याच्या दुकानावर दगड घालत होता, तेव्हाही खरंच बोलत होतात?"

"तू शांत हो आधी." भावोजींनी हात वर केला. वर्षानुवर्षं घरातल्या बायकांना गप्प करणारा तो हात. "तुझंही वय झालंय. या वयात चिडचिड होते, मला ठाऊक आहे."



"ही चिडचिड वयाची नाही, भावोजी," धाकटी अगदी हळू म्हणाली. "ही तुमची कमाई आहे. सगळीच्या सगळी. आणि ती तुमच्या पदरात घातल्याशिवाय मी या घरातून हलणार नाही. उठा. आधी पोलिसांत, मग वैद्याच्या गल्लीत."

भाच्यानेच वडिलांचे बूट आणून पुढे टाकले.

गल्लीत शिंपी बाहेर आला, किल्लीवाला बाहेर आला. भावोजी खाली मान घालून पुटपुटले. म्हाताऱ्याने कानामागे हात धरला. "मोठ्यानं. दगड पडले ते सगळ्या गल्लीनं ऐकले होते." भावोजींनी पुन्हा, मोठ्याने सांगितलं. म्हातारा ऐकून म्हणाला, "वर्षभर तुमच्या गोळीची शाबासकी मी खाल्ली. माझं नाव गेलं ते कमावून घेईन मी. पण माफी माझ्यापाशी मागू नका. ज्या बाईची मागायची तिला अजून पत्ताच नाही."

भाच्याने शिंप्याकडून रॉकेल आणि चिंधी मागून घेतली आणि शटरवरची आपली अक्षरं घासायला लागला.

६

घरच्या डॉक्टरांची तक्रार वैद्यक परिषदेकडे गेली. पोलिसांनी दोघांचे जबाब घेतले. हे सगळं होईपर्यंत ताई भिंतीला धरून उभी राहू लागली होती. शब्दही येत होते, पण एकेक, विहिरीतून बादली ओढावी तसे. कधी बादली रिकामीच वर यायची आणि ती चिडून उशीवर मूठ आपटायची.

"आईला सांगायचं नाही, मावशी," भाचा म्हणाला. "तिला धक्का बसेल. बीपी वाढेल. तिच्या भल्यासाठीच..."

बोलता बोलता त्याचं त्यालाच ऐकू आलं. 

"पुन्हा तेच?" धाकटी म्हणाली. पण डॉक्टरीणबाईंना विचारल्याशिवाय ती आत गेली नाही. त्या म्हणाल्या, "सांगा. मी दाराशी आहे."

धाकटीने खुर्ची ओढली आणि सगळं सांगितलं. चमच्याच्या पाठीपर्यंत, सरोवरापर्यंत, व्हरांड्यातल्या प्रश्नापर्यंत. काही मऊ केलं नाही. ताईची नजर एकदाही ढळली नाही. मध्येच तिचे डोळे भरले. ती शब्द शोधत होती हे दिसत होतं. धाकटीने तो तिच्या तोंडात घातला नाही, थांबली.

"मला... वाटलं..." ताई म्हणाली, "...मी... बरी झाले."

त्या वाक्याने धाकटीला रडू फुटलं. आगीच्या राखेत उभं राहून लोकांची रडगाणी ऐकणारी बाई, पण तिला ते आवरेना. वर्षभर ताई ज्या आनंदात गावभर सांगत फिरली, तोसुद्धा कुणीतरी चोरून तिच्या पेल्यात कालवलेला होता.

तेवढ्यात भावोजी आले. दाराशी डॉक्टरीणबाईंना पाहून जरा घुटमळले आणि मग पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. ताईच्या चेहऱ्यावरून त्यांना समजलं असावं. "अगं, ऐक तरी..." त्यांनी सुरुवात केली.

मागोमाग परिचारिका औषधांचा ट्रे घेऊन आत शिरली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कागदाच्या वाटीत गोळ्या होत्या, त्या तिने सवयीने घरच्या पुरुषापुढे धरल्या. "एवढ्या देऊन टाका हो त्यांना, काका."

भावोजींचा हात पुढे झाला.

धाडकन आवाज झाला. ताईने डाव्या हाताने पलंगाच्या दांडीवर तडाखा दिला होता. परिचारिका दचकली, ट्रे हिंदकळला.

"मला," ताई म्हणाली.

परिचारिकेने वाटी तिच्या हातात दिली. ताईने ती चादरीवर ठेवली, एक गोळी बोटाने बाजूला सरकवली. "ही... काय?"

"बीपीची आहे, घ्या पटकन."

"नाव."

परिचारिकेने मागे पाहिलं. डॉक्टरीणबाई पुढे आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि एकेका गोळीचं नाव घेऊन, ती कशाला आहे, तिने काय त्रास होऊ शकतो, त्रास झाला तर कुणाला सांगायचं, ते सांगत गेल्या. शेवटी एक इवलीशी उरली.

"ही तीच," त्या म्हणाल्या. "काढ्यातली. एकदम थांबवता येत नाही. रोज थोडी थोडी कमी करत नेऊ. तुम्हाला चालेल?"

ताईने ती गोळी उचलून डोळ्यांजवळ धरली. वर्षभर आपल्या पोटात राहिलेला हा एवढासा जिन्नस ती पहिल्यांदाच पाहत होती. मग तिने ती जिभेवर ठेवली, डाव्या हाताने पेला उचलला आणि स्वतः गिळली. थोडं पाणी हनुवटीवरून ओघळलं. ते पुसायला धाकटीने हात पुढे केला, तर तिने मानेनेच नको म्हटलं आणि मनगटाने आपलं आपण पुसलं.

"मी सगळं तुझ्यासाठी केलं," भावोजी म्हणाले. त्यांचा आवाज फुटला होता. "विचार यांना. तुझ्याचसाठी. आता घरी चल, मी सगळं नीट..."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. गेले कितीतरी दिवस प्रत्येक शब्द तिला चाचपडत, धापा टाकत शोधून आणावा लागत होता.

"जा," ती म्हणाली.

हा मात्र तिला शोधावा लागला नाही.